‘त्यामुळे’ची झडती

बँकांच्या अधिकारी-भरतीच्या परीक्षा, कायद्याच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी क्लॅट आणि व्यवस्थापन-शिक्षणासाठीची जीमॅट या सर्व परीक्षांत एक प्रश्न वेश बदलून वारंवार येतो. आधी पाच-सहा ओळींचा उतारा असतो. त्यात कोणीतरी दोन घटना सांगतो आणि पहिलीमुळे दुसरी घडली असे ठासून म्हणतो. खाली चार-पाच पर्याय दिलेले असतात आणि विचारलेले असते ते एवढेच : पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास वरील युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत होतो?

या प्रश्नाला गणित लागत नाही की पाठांतर लागत नाही. तरीही हुशार म्हणवणारे विद्यार्थी येथे गुण घालवतात. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके ‘दुसरे कारण शोधा’ असा एका ओळीचा मंत्र देऊन पुढे जातात. मंत्र खोटा नाही, पण अपुरा आहे. दुसरे कारण तरी कशाचे शोधायचे, कोठे शोधायचे, आणि समोर तीन ‘दुसरी कारणे’ उभी राहिली तर त्यांतले कोणते उचलायचे, हे तो सांगत नाही. प्रस्तुत लेखात या प्रकाराचा थोडा मुळापासून विचार करायचा आहे.

प्रथम प्रश्नाचे शब्दच पाहू. ‘खरे मानल्यास’ म्हणजे पर्याय खरा की खोटा याचा निवाडा आपण करायचा नाही. पर्यायात लिहिलेली गोष्ट आपल्या अनुभवाला कितीही विचित्र वाटली तरी ती घडली असे धरून चालायचे. उताऱ्यात दिलेल्या घटनांनाही हाच नियम लागू आहे. विक्री दीडपट झाली असे म्हटले असेल तर ती झालीच. आपल्याला घटनांवर संशय घ्यायचा नाही. संशय घ्यायचा आहे तो दोन घटनांच्या मध्ये बसलेल्या ‘त्यामुळे’ या शब्दावर. दुसरा शब्द ‘कमकुवत’. कमकुवत करणे म्हणजे खोटे पाडणे नव्हे. वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेतो तेव्हा आरोपी निर्दोष आहे हे प्रत्येक प्रश्नातून सिद्ध होत नसते. साक्षीवरचा भरवसा थोडा ढळला की त्या प्रश्नाचे काम झाले. पुष्कळ उमेदवार मात्र युक्तिवाद समूळ उखडणारे विधान शोधत बसतात, ते सापडत नाही म्हणून गोंधळतात आणि शेवटी ज्या पर्यायात सर्वांत कडक भाषा असेल त्यावर खूण करतात.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांना येथे एक खास अडचण आहे, आणि तिचा उल्लेख मला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात आढळला नाही. ती ‘कारण’ या आपल्या शब्दातच आहे. पुढील दोन वाक्ये पाहा. ‘अंगण ओले आहे, कारण रात्री पाऊस पडला.’ ‘रात्री पाऊस पडला असणार, कारण अंगण ओले आहे.’ दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि दोन्हींत ‘कारण’ आहे. पण पहिल्या वाक्यात पावसाने अंगण भिजवले. दुसऱ्यात अंगणाने पाऊस पाडला, असे कोणी म्हणणार नाही. तेथे ओले अंगण हे पावसाचे कारण नसून, पाऊस पडला या आपल्या समजुतीचा आधार आहे. कन्नड विभागाच्या वाचकांनीही आपल्या भाषेतला ‘कारण’ याच कसोटीला लावून पाहावा. तोही दोन्ही कामे करतो.

आपल्या न्यायशास्त्रकारांनी हा भेद फार पूर्वी ओळखून त्याला नावे दिली. वस्तू उत्पन्न करतो तो कारक हेतू, आणि वस्तूचे ज्ञान करून देतो तो ज्ञापक हेतू. धूर हा अग्नीचा ज्ञापक आहे, कारक नव्हे. परीक्षेतील निम्मे सापळे या दोहोंच्या सरमिसळीवर रचलेले असतात. म्हणून उतारा वाचताना पहिले काम हे की, लेखक ‘अमुक आहे असे दिसते’ एवढेच म्हणतो आहे की ‘अमुकने तमुक घडवले’ असे म्हणतो आहे, हे ठरवावे. कमकुवत करण्याची जी साधने पुढे सांगितली आहेत ती दुसऱ्या जातीच्या विधानासाठी आहेत.

न्यायशास्त्राचीच आणखी दोन उदाहरणे घेण्यासारखी आहेत. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. हा काकतालीय न्याय सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा मला कुंभाराचे गाढव अधिक मोलाचे वाटते. घडा तयार होण्यापूर्वी कुंभार होता, चाक होते, दांडा होता, आणि माती वाहून आणणारे गाढवही होते. मग गाढव घड्याचे कारण का नाही? नैयायिक म्हणतात, कारण होण्यासाठी कार्याच्या आधी नेहमी हजर असणे तर हवेच, पण तेवढे पुरत नाही. त्याच्याविना कार्याची उपपत्ती लागता कामा नये. माती दुसऱ्या कोणी आणली असती तरी घडा झालाच असता. अशा निरुपयोगी पूर्ववर्तीला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ असे नाव दिले. परीक्षेच्या उताऱ्यातील ‘कारण’ हे गाढव तर नाही ना, एवढेच आपल्याला विचारायचे आहे. जे असते तेव्हा कार्य असते तो अन्वय. जे नसते तेव्हा कार्यही नसते तो व्यतिरेक. उताऱ्यात बहुधा अन्वय सांगितलेला असतो आणि व्यतिरेकाबद्दल मौन असते. ते मौन ज्या पर्यायाने फुटते, तो बहुतेक वेळा आपला पर्याय.

आता आपल्या विषयातले एक कल्पित उदाहरण घेऊ. खडे बाजारातील एका कापड दुकानदाराने सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देण्यास सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये त्याची विक्री ऑगस्टच्या दीडपट झाली. त्यामुळे तो म्हणतो, जाहिरातीने विक्री वाढवली. पर्याय असे आहेत. (अ) ज्या शेजारी दुकानांनी जाहिरात दिली नव्हती त्यांचीही विक्री त्याच काळात जवळजवळ दीडपट झाली. (ब) वाढलेल्या विक्रीवर मिळालेल्या नफ्यापेक्षा जाहिरातीचा खर्च जास्त होता. (क) दुकानात आलेल्या काही गिऱ्हाइकांनी ती जाहिरात पाहिलेली नव्हती. (ड) जाहिरातीत एका साडीची किंमत चुकीची छापली गेली होती.

उत्तर ‘अ’ हे बहुतेकांना येईल. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळा बाजारच वर जातो, आणि जाहिरात नसतानाही कार्य घडले म्हणजे व्यतिरेक तुटला. पण उत्तर येणे पुरेसे नाही. बाकीचे पर्याय का नकोत हे सांगता आले पाहिजे, कारण खऱ्या परीक्षेत ‘अ’ इतका उघडा नसतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हटकून ‘ब’वर घसरतो. खर्च नफ्याहून जास्त, म्हणजे जाहिरात फसली, असे त्याचे मन हिशेब करून सांगते. पण दुकानदाराने जाहिरात परवडली असे म्हटलेलेच नाही. तिने विक्री वाढवली एवढेच तो म्हणतो. तोट्यातली जाहिरातसुद्धा विक्री वाढवू शकते. ‘क’मध्ये ‘काही’ हा शब्द आहे. काहींनी पाहिली नाही म्हणजे उरलेल्यांनी पाहिली असेलही, आणि विक्रीची वाढ त्या उरलेल्यांमुळेच झाली असेल. या ‘काही’ शब्दाकडे नेहमी डोळे वटारून पाहावे. ‘ड’ तर नुसता वैगुण्य काढणारा आहे. भाषेने जोरदार आणि कामाने रिकामा.

याच उदाहरणाची दुसरी बाजू अधिक रंजक आहे. समजा उतारा असा असता : ‘ज्या कंपन्या जाहिरातीवर अधिक खर्च करतात त्यांची विक्री अधिक असते. तेव्हा विक्री वाढवायची तर जाहिरातीचा खर्च वाढवा.’ येथे सण आड येत नाही. पण विपणनाच्या क्रमिक पुस्तकात आपण शिकतोच की, अनेक कंपन्या जाहिरातीचा अंदाजखर्च विक्रीच्या ठरावीक टक्केवारीने बांधतात. विक्री मोठी म्हणून खर्च मोठा. म्हणजे गाडी बैलामागे आहे की बैल गाडीमागे, हेच उलटे असण्याचा संभव आहे. कार्य आणि कारण यांची अदलाबदल सुचवणारा पर्याय हे दुसरे हत्यार. दोन घटना वेळेने पुढे-मागे दिलेल्या नसतील, दोन्ही ‘असतात’ असे मोघम म्हटले असेल, तर हे हत्यार आधी उपसून पाहावे.

पण कल्पित उदाहरणांत एक उणीव असते. उत्तर ठरवूनच ती रचलेली असतात. म्हणून आता एक घडलेली हकीकत घेतो. मला तरी या विषयावर याहून चांगला धडा सापडलेला नाही.

वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथील प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. आज तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. १९०२ साली पंजाबात प्लेगचा जोर होता आणि लशीची मागणी प्रचंड होती. ती भागवण्यासाठी हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला. पूर्वी तीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्ल घालत. आता ते वगळून उष्णतेवर भर देण्यात आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. त्या एकोणीसही जणांना ५३-एन असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून लस टोचलेली होती. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने चौकशी मंडळ नेमले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. मंडळाने निष्कर्ष काढला की बाटली मल्कोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, दूषित झाली होती. कार्बोलिक वगळण्याचा निर्णय हाफकिन यांचा. तेव्हा दोषाचे माप त्यांच्या पदरात पडले आणि त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले.

आता हा निष्कर्ष परीक्षेतील उताऱ्यासारखा मांडून पाहू. घटना पहिली : लशीतून कार्बोलिक वगळले. घटना दुसरी : एका बाटलीतून टोचलेल्या सर्वांना धनुर्वात झाला. आधार म्हणून त्या बाटलीत उरलेल्या लशीत नंतर धनुर्वाताचे जंतू सापडले. त्यामुळे, बाटली परळला दूषित झाली. वाचताना हे अगदी चिरेबंदी वाटते. बाटली दोषी, यात शंका उरत नाही. एकोणीसच्या एकोणीस जण तिचेच, आणि इतर चार बाटल्यांचा एकही नाही. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे.

पण हा अन्वय-व्यतिरेक नेमका काय सिद्ध करतो? दोष ५३-एन या बाटलीत होता, एवढेच. तो तिच्यात केव्हा आणि कोठे शिरला याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. जंतू नंतर सापडले, हेही तसेच. उघडून वापरलेल्या बाटलीत मागाहून मिळालेले जंतू ती बंद असताना शिरले की उघडताना शिरले, हे सांगू शकत नाहीत. म्हणजे मंडळाच्या पुराव्याचा सर्वांत भक्कम भाग दोन्ही शक्यतांना सारखाच अनुकूल होता. विद्यार्थ्यांनी ही जागा नीट पाहून ठेवावी. ज्या पुराव्याने ‘हेच की तेच’ याचा निर्णय होत नाही, तो कितीही ठसठशीत असला तरी त्या वादात त्याचे वजन शून्य.

मग या युक्तिवादाला धक्का कशाने बसेल? मी चार विधाने घेतो. चारही त्या प्रकरणातली आहेत.

पहिले असे की, हाफकिन यांनी स्वतः लस टोचून घेतली होती. यातून त्यांचे धैर्य दिसते, पण १८९७ च्या लशीवरून १९०२ च्या बाटलीबद्दल काही कळत नाही. दुसरे, कार्बोलिकऐवजी उष्णतेवर भर देण्याची रीत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही वापरात होती. याने थोडा धक्का बसतो. नवी पद्धत म्हणजे अविचार, हा आरोप सैल होतो. पण पद्धत चांगली असूनही एखादी बाटली बिघडू शकते, म्हणून मूळ ‘त्यामुळे’ला हे विधान जेमतेम ओरखडा काढते. परीक्षेत असा पर्याय ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ म्हणून मुद्दाम ठेवलेला असतो, आणि ‘सर्वाधिक’ हा शब्द विसरणारा उमेदवार त्यावरच थांबतो.

तिसरे विधान. मल्कोवालला बाटल्या उघडताना वापरायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करता, नुसता द्रावणात बुडवून, ५३-एनचे बूच काढण्यासाठी वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात. आता मात्र चित्र बदलते. एकच बाटली का बिघडली, याचे उत्तर या विधानात आहे. ‘कार्बोलिक वगळले’ या कारणात ते नाही, कारण वगळणे ही पद्धत होती, एका बाटलीची विशेष गोष्ट नव्हती. आधीचे कारण जे समजावू शकत नाही तेही जे समजावते, ते दुसरे कारण सर्वांत मोलाचे.

चौथे विधान शांत आहे, म्हणून नजरेतून निसटते. ज्या डॉक्टरांनी बाटली उघडली त्यांना तिच्यात कोणताही वेगळा वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे वाढत राहिले असते तर लशीला दुर्गंधी आली असती. या विधानात दुसरे कारण मुळीच सांगितलेले नाही. ‘दुसरे कारण शोधा’ हा मंत्र जपणारा विद्यार्थी ते ओलांडून पुढे जाईल. पण पाहा, ते थेट पहिल्या कारणाच्या परिणामावर बोट ठेवते. तुमचे म्हणणे खरे असते तर अमुक दिसायला हवे होते, आणि ते दिसले नाही. कारण आहे पण त्याचा अपेक्षित परिणाम नाही, हे तिसरे हत्यार. माझ्या मते तिन्हींत हेच सर्वांत धारदार आहे आणि सर्वांत कमी वापरले जाते.

मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली हे मुद्दे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी जुलैमध्ये रॉस आणि इतर नामवंत तज्ज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सह्यांचे पत्र प्रसिद्ध केले आणि हाफकिन यांच्यावरील ठपका टिकत नाही असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर त्यांना पुन्हा हिंदुस्थानात काम मिळाले, पण कलकत्त्यास, परळला नव्हे. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. या प्रश्नप्रकारात चूक झाली तर आपला एक गुण जातो. तेथे एका माणसाची पाच वर्षे गेली, आणि ज्या लशीवर लोकांचा विश्वास मोठ्या कष्टाने बसत होता तिच्यावरचा विश्वासही उडाला.

रॉस यांनी बाटली परळला दूषित झाली नाही हे सिद्ध केले काय? काटेकोरपणे पाहिले तर नाही. चिमटा पडला म्हणून जंतू त्यावरूनच गेले, असे कोणी पाहिलेले नव्हते. त्यांनी केले ते एवढेच की, मंडळाचा ‘त्यामुळे’ त्याला दिलेले वजन पेलू शकत नाही हे दाखवले. कमकुवत करणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला देता येणार नाही.

एक शंका अशी येईल की, या रीतीने कोणताही युक्तिवाद मोडता येईल, मग जगात कारण म्हणून काही सिद्धच होणार नाही. तसे नाही. लंडनच्या पटकीचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. पटकी घाण हवेने होते असे तेव्हाचे मत होते आणि त्याला आकड्यांचा आधारही होता. विल्यम फार यांनी दाखवले होते की थेम्स नदीच्या पातळीजवळच्या सखल वस्तीत मृत्यू जास्त, उंचावर कमी. पण सखल वस्तीत नुसती हवाच कोंदट नव्हती, पाणीही पुष्कळदा गढूळ नदीचेच होते. उंची, हवा आणि पाणी ही तिन्ही एकत्र नांदत होती, म्हणून फार यांच्या निष्कर्षावर तिसऱ्या कारणाचा वार बसू शकत होता. जॉन स्नो पाणी हे कारण मानत. तोच वार त्यांच्यावरही बसला असता. त्यांनी तो आधीच चुकवला. दक्षिण लंडनच्या एकाच भागात, कित्येकदा एकाच रस्त्यावर, दोन कंपन्यांचे नळ घरोघर गेलेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी वरच्या, स्वच्छ प्रवाहातून घेण्यास सुरुवात केली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या घाणीतलेच पाणी देत होती. १८५४ च्या साथीत पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, आणि लॅम्बेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७. रस्ता तोच, हवा तीच, उंची तीच, शेजारी गरीब-श्रीमंत सारखेच मिसळलेले. आता कोणते तिसरे कारण पुढे करणार? पर्यायात जर ‘दोन्ही गट इतर सर्व बाबतींत सारखे होते’ अशा अर्थाचे विधान असेल तर ते युक्तिवाद बळकट करणारे समजावे. घाईत उमेदवार त्यालाच कमकुवत करणारे म्हणून खूण करतात, कारण दोन्ही प्रकारचे पर्याय एकाच जागी घाव घालतात. एक फट उघडतो, दुसरा बुजवतो. प्रश्नात काय विचारले आहे हे शेवटी पुन्हा वाचण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

सरावाबद्दल थोडे. प्रश्न सोडवताना पर्याय वाचण्यापूर्वी हात थांबवावा आणि ‘त्यामुळे’ला कोणती फट आहे ते आपल्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, एका वाक्यात मनाशी म्हणावे. पेपर इंग्रजी असला तरी विचार त्याच भाषेत करण्याची सक्ती कोणी केलेली नाही, आणि मला तरी इंग्रजीत विचार करण्याचा अट्टहास हाच वेळखाऊ वाटतो. सुरुवातीला वेळ मोजू नये. रोज दहा प्रश्न घाईने सोडवण्यापेक्षा दोनच घेऊन चुकीच्या पर्यायांपुढे तो का चुकीचा हे लिहून काढणे अधिक फळते. मित्राबरोबर केले तर उत्तमच, एकाने दुकानदाराची बाजू घ्यावी आणि दुसऱ्याने उलटतपासणीची.

शेवटी वाचकांसाठी एक प्रश्न, आपल्याच भागातला. (टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोशी त्याचा संबंध जोडू नये. तेथे देवीची लस बनत असे.) १८९८ साली हुबळीत प्लेगची लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. असे समजा की त्या गावाबद्दल कोणी असा युक्तिवाद केला : ‘लस घेतलेल्यांत प्लेगने मरणाऱ्यांचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा फार कमी होते. त्यामुळे मृत्यू टळले ते लशीने.’ पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत होईल?

(अ) लस घेतलेल्यांपैकी काही जणांना प्लेग झालाच. (ब) लस टोचल्यावर अनेकांना दोन दिवस ताप येत असे. (क) ज्यांनी लस घेतली त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे टोचून घेताच गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली, आणि ज्यांनी घेतली नाही ते गावातच राहिले. (ड) लस न घेणाऱ्यांमध्ये पुष्कळांचा लशीवर विश्वास नव्हता.

‘क’ अशी खूण करून मोकळे होऊ नका. ‘ड’ खरे असल्यास तो ‘क’च्या बाजूने काही बोलतो का, की नुसताच बसून राहतो, हेही दोन वाक्यांत लिहा. आणि हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात लशीचा पहिला मोठा प्रयोग का केला असेल, जेथे लस घेणारे आणि न घेणारे एकाच छताखाली एकच अन्न खात होते, याचा विचार करा. तेथील कैद्यांनी लस स्वेच्छेने घेतली होती. त्या ‘स्वेच्छेने’त एक बारीक फट अजून शिल्लक आहे. ती कोणाला सापडली तर वाचनालयात दुपारच्या सुट्टीत आमच्या टेबलाशी यावे, वाद घालायला दोघे-तिघे तरी नेहमी असतात.